बुधवारी सगळ्यांना कळतं

सोमवार, १० जून

आजपासून दैनंदिनी. प्रशिक्षणात सांगितलं होतं की नव्या शिक्षकाने शाळा सुटल्यावर दिवसाचं खरंखुरं लिहून काढावं आणि कुणाला दाखवू नये. मी विचारलं होतं, दाखवायचं नसेल तर शुद्धलेखन तपासायचं का? सगळे हसले. मी तपासणार आहे.

तर खरंखुरं असं, की मला तिसरीचा वर्ग मिळाला आहे आणि माझ्या तिसरीला हातच्याची वजाबाकी येत नाही. ५२ वजा ३८ घातलं की निम्म्याहून जास्त वर्ग २६ लिहितो. शिकवून झाल्यावर मी "कळलं?" विचारते. सगळे एका सुरात "कळलं, बाईऽ!" म्हणतात. सूर इतका जुळलेला असतो की शेजारच्या विहारातल्या भिक्खूंनी ऐकावा. मग वह्या उघडते, तर २६.

पुढच्या महिन्यात समिती येणार आहे. माझा एक तास बघून मी शिक्षिका म्हणून राहायचं की नाही ते ठरवणार आहे. नाही राहिले, तर घरी जाऊन मावशीच्या ओट्यावर विहारात वाहायच्या कमळांच्या पाकळ्या दुमडायच्या. मावशीने माझं स्टूल अजून हलवलेलं नाही. "असू दे तिथंच," म्हणते, "काय सांगावं."

"कळलं का" असं तोंडी विचारू नये, मुलं भिडेखातर हो म्हणतात, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्यापेक्षा प्रत्येकाला तीन कार्डं द्यायची. हिरवं म्हणजे कळलं, पिवळं म्हणजे थोडं कळलं, लाल म्हणजे नाही कळलं. विहाराजवळच्या दुकानात लाल कागद नव्हता, म्हणून लालच्या जागी गुलाबी घेतला. काल दिवसभर कार्डं कापली.

आज जेवणाची घंटा व्हायच्या आधी घाईघाईने वाटली आणि समजावलं. निम्मं घंटेत बुडालं असावं. मग विचारलं, "हं, तर आज कुठलं कार्ड?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्गाची मॉनिटर बायतोय मोठी जबाबदार मुलगी आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या वर्गाच्या लमैताईंनी भिंतीवर रंगवलेल्या झाडलोटीच्या पाळ्यांच्या तक्त्याकडे पाहिलं, नीट विचार केला आणि पिवळं कार्ड वर धरलं. मग सगळ्यांनी पिवळं धरलं.

थोडं कळलं! गेला महिनाभर "कळलं, बाई" म्हणणाऱ्या मुलांनी एका दिवसात खरं सांगितलं. माझे डोळे भरून आले. फळा पुसायच्या निमित्ताने पाठ केली. सोमवारच्या पिवळ्या ब्लाउजवर खडूची धूळ फारशी दिसत नाही, एवढं बरं.

संध्याकाळी आजोबांना फोन केला. लहानपणी आमचं घर कमळांच्या तळ्यांत होतं, शाळेला होडीने जायचं म्हणजे अर्धा दिवस. त्यामुळे आठव्या वर्षापर्यंत मी घरीच शिकले. वाचायला मावशीने शिकवलं, गणित आजोबांनी. पण आजोबा गणितात कच्चे. "मला नाही बुवा कळत, तू सांग," म्हणायचे, आणि मलाच त्यांना शिकवावं लागायचं. आज ५२ वजा ३८ ची हकिगत सांगितली, तर म्हणाले, "मग बरोबर आहे की. सव्वीसच."

बराच वेळ समजावलं. शेवटी "असं होय!" म्हणाले. आता वय झालं, चालायचंच.

मंगळवार, ११ जून

सगळे गुलाबी.

एकूण एक. तीच वजाबाकी, तोच फळा, तीच मी. फरक म्हणजे ब्लाउज गुलाबी होता. तो मला शोभत नाही, पण मंगळवारी दुसरं घालणार काय? काल थोडं कळलं होतं तेही आज गेलं, म्हणजे माझ्या समजावण्याने मुलं मागे गेली. असं कुठल्या शिक्षिकेचं झालं असेल का?

(मागच्या नोंदीत "सगळ्यांनी" लिहिलं ते बरोबर नाही. काल बेन्झ त्या वेळी शौचालयात होता.)

बुधवार, १२ जून

सगळे हिरवे!!

बेन्झसुद्धा. शाळेमागे जाऊन हिरव्या ब्लाउजच्या बाहीने डोळे पुसले. लमैताई तिथे कैरी खात उभ्या होत्या. त्यांची तीस वर्षं या शाळेत गेली, चौथी त्यांच्याकडे आहे. "कोण गेलं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, वजाबाकी आली मुलांना." त्यांनी मला कैरीची फोड दिली.

नंतर वह्या पाहिल्या. नामफुंगचं २६, गोल्फचं २६. समज आली आहे, हात अजून मागे आहे, असं असावं. प्रशिक्षणाच्या पुस्तकात या टप्प्याचं नाव शोधलं. सापडलं नाही.

गुरुवार, १३ जून

आज गुरुवंदना, शिकवणं नाही. मुलं गुडघ्यांवर पुढे सरकत तबकं घेऊन येतात आणि मला कुठे बघावं ते समजत नाही. यांना वजाबाकी न शिकवता मी यांची फुलं घेते आहे.

नामफुंगने कमळांची अख्खी जुडी आणली होती. त्यांची दोन तळी आहेत. वाहून झाल्यावर हळूच म्हणाली, "बाई, जुडी सोडू? बांधलेली राहिली तर मधली सुकतात." दातांनी गाठ सोडली आणि दहाही कमळं बादलीत सोडली. अशी हुशार मुलगी. हिला हातचा का येऊ नये?

शुक्रवार, १४ जून

कार्ड विचारलं तर एकाही मुलाने कुठलंच वर धरलं नाही. पाहुणे जेवायला बसले आणि भात संपला की घरची माणसं बघतात, तशी सगळी माझ्याकडे बघत राहिली. बायतोय खाली मान घालून म्हणाली, "बाई, आजचं नाहीये."

आजचं समजणं नाहीये, असा मी अर्थ घेतला. आठवड्याचा थकवा.

शुक्रवार, २१ जून

मधल्या दिवसांचं वेगळं लिहीत नाही, कारण ते मागच्या आठवड्यासारखेच गेले. हे जास्त घाबरवणारं आहे. सोमवारी थोडं कळलं, मंगळवारी काहीच नाही, बुधवारी सगळं.

काल गुरुवारी नवीनच झालं. सगळ्यांनी पिवळं आणि गुलाबी एकावर एक धरलं. म्हणजे थोडं कळलं आणि मुळीच नाही कळलं, दोन्ही एकदम. मी खूप विचार केला. मलाही आयुष्यात बऱ्याच गोष्टींबद्दल असंच वाटतं.

आज बेन्झने कार्डाची मागची बाजू बॉलपेनने निळी करून आणली होती आणि तीच वर धरली. वर्गाने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. शाळेच्या वस्तूची नासधूस केली म्हणून मी रागावले. तो बिचारा हिरमुसला. आता मला वाईट वाटतं आहे.

सोमवार, २४ जून

मी रोजच्या कार्डांचा आलेख काढते, तो मुख्याध्यापक विरत सरांनी मागवला. मी घाबरत नेला. सर पिवळ्या शर्टात पंख्याखाली बसले होते. त्यांनी आलेख आडवा केला, उभा केला, खिडकीपाशी नेला.

"चंतिमा बाई, हे काय आहे माहीत आहे?"

"चूक आहे का सर?"

"शोध आहे हा! बघा. बुधवार वर, बुधवार वर. समुद्राच्या लाटेसारखं आहे. आमच्या मुलांना बुधवारी कळतं!"

"पण सर, बुधवारीच का?"

"ते संशोधन करणारे बघतील. आपण शाळा चालवायची. अवघड ते सगळं बुधवारी घ्या. सोपं मंगळवारी. चित्रकला, हात धुणे, असलं. आणि समितीला मी बुधवारचंच आमंत्रण देतो. दहा जुलै." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मंगळवारी जेवायला काय असतं हो?"

"कारल्याचं सार, सर."

सरांनी टेबलावर थाप मारली. "बंद!"

लमैताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बुधवारी कळतं? मग आमच्या यांच्याशी मी आता बुधवारीच बोलत जाईन."

रविवार, ३० जून

आजोबांचा फोन. बुधवारचा शोध सांगितला. 

"मला एक नाही कळलं," म्हणाले. "हिरवं कार्ड धरणारं पोर आणि वजाबाकी येणारं पोर एकच का?"

"आजोबा, तेच तर कार्डाचं काम!"

"असेल. मी अडाणी माणूस. तू असं कर, त्या कमळवाल्या मुलीला म्हणावं, आमच्या म्हाताऱ्याला समजावून सांग बावन्न वजा अडतीस."

"तिला येतच नाही, ती काय समजावणार?"

"हो, तेही खरंच," म्हणाले आणि बदकांचं सांगत बसले.

मागे फोनवर इतका वेळ समजावलं होतं, तेही विसरले. मावशीला म्हटलं, एकदा डॉक्टरांना दाखवू या. मावशी हसत सुटली. या घरात माझ्याखेरीज कुणी काही गंभीरपणे घेत नाही.

मंगळवार, २ जुलै

कारल्याच्या जागी नारळाच्या दुधातला भोपळा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गोल्फने तीनदा मागून घेतला.

कार्डं तरीही गुलाबीच.

सर म्हणाले, "भोपळाही नाही चालत. पुढच्या मंगळवारी अंडं ठेवून बघा."

बुधवार, ३ जुलै

हिरवे. मी वर्गाला "शाबास!" म्हटलं, तेव्हा मुलं इतकी खूष झाली की मला स्वतःचीच लाज वाटली. कारण वह्या तपासून झाल्यावर मी त्यांना शाबासकी दिली होती, आणि वह्यांत २६ होतं. हे मी सरांना सांगितलं नाही. इथे लिहून ठेवते.

सोमवार, ८ जुलै

आता शाळा सुटल्यावर सरांनी धावत येऊन सांगितलं. त्यांना धावताना मी प्रथमच पाहिलं.

"बाई, घात झाला! समितीची बुधवारी जिल्ह्याला बैठक आहे. उद्या येतायत!"

"उद्या? मंगळवारी?"

"मंगळवारी तर आमच्याकडे कुणालाच काही कळत नाही!"

आम्ही दोघं तिसरीच्या छोट्या बाकांवर बसलो. लमैताईंनी कैरी पुढे केली. कुणी घेतली नाही.

 मग सर म्हणाले, "उद्या बुधवार आहे असं मुलांना सांगितलं तर?"

"सर!"

"एकच दिवस हो."

"मुलांना खोटं सांगून मला पास व्हायचं नाही. आणि सर, वार बदलून सांगितला म्हणून वजाबाकी कशी कळेल?"

"हो, तेही खरंच," सर म्हणाले आणि उठले. दारातून परत वळून म्हणाले, "अंडं मात्र ठेवतो."

मावशीचा फोन आला होता. मी उचलला नाही. स्टूल तिथेच असणार.

मंगळवार, ९ जुलै

सावकाश, क्रमाने लिहिते. काही गाळणार नाही.

समितीचे तिघे आले. अरुणी मॅडम मुख्य, हळू बोलणाऱ्या, सगळं डोळ्यांनी टिपणाऱ्या. सोबत दोन गृहस्थ. तिघंही गुलाबीत होते. सर गुलाबी, लमैताई गुलाबी, मी गुलाबी. दारात सगळ्यांनी हात जोडले तेव्हा एकाच घरच्या लग्नाला आल्यासारखं दिसत होतं. सरांनी पाहुण्यांना द्यायला नामफुंगच्या आईकडून कमळांच्या जुड्या मागवून मागच्या बादलीत ठेवल्या होत्या.

मी वजाबाकी शिकवली. पायऱ्या चुकले नाही. मग म्हटलं, "हं बाळांनो, आज कुठलं कार्ड?"

सगळे गुलाबी. खाडकन, एकदम, सैन्यासारखे. मुलं माझ्याकडे बघून प्रेमाने हसत होती.

सरांनी डोळे मिटले.

अरुणी मॅडम उठून बायतोयच्या बाकाशी वाकल्या. "बाळ, हे गुलाबी म्हणजे काय गं?"

बायतोय उभी राहिली, हात जोडले. "मंगळवार, मॅडम."

"आणि पिवळं?"

"सोमवार."

"हिरवं?"

"बुधवार."

पंख्याचा आवाज यायला लागला. तो आधीही येत असणारच.

"हे बाईंनी शिकवलं?"

"नाही मॅडम, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं." बायतोयने माझ्याकडे चोरून पाहिलं आणि आवाज अगदी लहान केला. तरी सगळ्यांना ऐकू आलं. "बाईंच्या वार लक्षात राहत नाही. म्हणून त्या आम्हाला रोज विचारतात."

गोल्फ म्हणाला, "पण त्यांनी गुरुवारचं कार्डच केलं नाही. मग आम्ही पिवळं आणि गुलाबी मिळून नारिंगी करतो."

"शुक्रवारचं मी घरून निळं करून आणलं," बेन्झ म्हणाला. "तर बाई रागावल्या."

"मग बाईंना सांगायचं ना, की तुम्ही विसरता म्हणून," मॅडम म्हणाल्या.

बायतोयला धक्का बसला. "असं कसं सांगायचं, मॅडम? बाईंना वाईट वाटलं असतं. बुधवारी तर त्या किती खूष असतात!"

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. लमैताई होत्या. त्यांनी खोकल्याचं केलं, पण ते खोकल्यासारखं झालं नाही.

मला वाटलं, आता इथून सरळ बसस्टॉपवर जावं. आमच्याकडे प्रत्येक वाराला ठरलेला रंग असतो, जन्मल्यापासून मी ते बघते आहे. रोज सकाळी बघून ब्लाउज काढते. ते रंग माझ्या कपाटात होते, भिंतीवरच्या पाळ्यांच्या तक्त्यात होते, अंगावर होते, आणि मी कारल्याच्या जागी भोपळा देत बसले.

मग मी वर्गाला विचारलं, "आणि वजाबाकी? ती कळली का?"

नेहमीचा सूर उठला नाही. मुलं खाली बघत होती.

यापुढे मी काय करायला हवं होतं ते पुस्तकात नाही. मला घरचा ओटा आठवला, तळ्याकडे पाय सोडून बसलेले आजोबा आठवले, आणि तोंडातून आपोआप गेलं, "मला नाही बुवा कळत बावन्नातून अडतीस कसे जातात. कुणी सांगेल का मला?"

हे खोटं होतं. मला कळतं. समितीसमोर खोटं बोलले, हे इथे नोंदवते.

वर्गाला माझी दया आली. वारही आठवत नाही आणि वजाबाकीही येत नाही. नामफुंग उठून फळ्याशी आली, मला धीर यावा म्हणून हसली आणि ५२ खाली ३८ मांडलं. "हे बघा बाई, आठातून दोन गेले सहा. पाचातून तीन गेले दोन. सव्वीस."

"आठातून दोन का? दोन तर वर आहे."

"वर असला तरी लहान आहे ना, बाई. लहानाकडून कोण काढून घेतं? मोठ्याकडूनच घ्यायचं असतं."

समितीतल्या एका गृहस्थांनी सवयीने मान डोलावली. मग थांबवली.

महिनाभर मी या मुलीला दशक आणि एकक सांगत होते, आणि ती मोठ्या भावंडाची रीत पाळत होती. मी कधी विचारलंच नव्हतं.

मी बादलीशी गेले. सर "बाई, ती पाहुण्यांची—" म्हणाले, पण तोवर मी पाच जुड्या आणि दोन सुटी कमळं बाकावर ठेवली होती. "नामफुंग, ही बावन्न. विहारात अडतीस न्यायची आहेत. मला देतेस?"

"देते की." तिने तीन जुड्या माझ्या हातात ठेवल्या. मग दोन सुटी उचलली, पुरेनात म्हणून काही विचार न करता पुढची जुडी घेतली, दातांनी गाठ सोडली आणि त्यातली सहा काढून दिली. "घ्या. अडतीस."

"उरली किती?"

"एक जुडी आणि... चार. चौदा."

तिने फळ्याकडे पाहिलं. कमळांकडे पाहिलं. पुन्हा फळ्याकडे पाहिलं.

"बाई, फळ्यावरचं चुकलंय."

"कसं काय?"

"तिथे जुडी सोडलीच नाही!"

मग वर्ग आवरेना. गोल्फला पटेना. त्याने दुसरी जुडी सोडून पाहिली. बेन्झ म्हणाला की खोक्यातली अंडीही अशीच सुटी करायची असतात, फक्त दातांनी नाही. बायतोय सगळ्यांना रांगेत उभं करायला लागली, रांगेत कुणी उभं राहीना. जमिनीवर देठ, पाणी, पाकळ्या. सर हात जोडून पाहुण्यांची माफी मागत होते. मान डोलावणारे गृहस्थ गोल्फला म्हणत होते, "अरे, जुडी आधी सुटी कर, मग मोज."

जाताना अरुणी मॅडमना एकच ओलं कमळ देता आलं. त्या म्हणाल्या, "मुलांनाच समजावायला लावायची ही पद्धत कुठल्या प्रशिक्षणात घेतलीत?"

मी म्हटलं, "पद्धत नाही, मॅडम. माझे आजोबा गणितात कच्चे आहेत."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग म्हणाल्या, "अजूनही?"

"अजूनही, मॅडम. उलट आता जास्तच."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. आजोबांचं नाव यात यायला नको होतं. संपलं सगळं.

(अंडं चांगलं झालं होतं असं ऐकलं. मी जेवले नाही.)

बुधवार, १० जुलै

कार्डं कपाटात ठेवली. सवयीने बायतोयने विचारलं, "बाई, आज नाही विचारणार?" मी म्हटलं, "आज माझ्या लक्षात आहे. बुधवार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वह्यांत १४ जास्त, २६ कमी. नामफुंगने अंकांच्या शेजारी गाठ सुटलेली एक छोटी जुडी काढली होती. मी तिच्याखाली बरोबरची खूण केली. चित्राला खूण करायची की नाही याचा नियम माहीत नाही.

गुरुवार, १८ जुलै

समितीचा निकाल आला. सरांनी सगळ्यांसमोर वाचला. मी राहते आहे.

शेरा असा: "मुलांना कळलं की नाही हे ओळखायचं साधन तपासून घ्यावं. बाकी चालू ठेवावं." सरांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, "कारलं सुरू करतो परत. बिचाऱ्याची काही चूक नव्हती."

मावशीला फोन केला. "बरं झालं," म्हणाली, "मांजराला स्टूल आवडलंय."

शुक्रवार, २६ जुलै

आज तीन अंकी वजाबाकी घेतली. २०३ वजा ५८. मधे शून्य, म्हणजे सोडायला जुडीच नाही. कुणी गोंधळलं तर विचारा, असं मी रोज सांगते. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

आज नामफुंगने हात वर केला. लाल झाली होती. "बाई, मला नाही कळलं."

आमच्या शाळेत हे वाक्य याआधी कुणी उच्चारलं असेल असं वाटत नाही. लमैताईही म्हणतात, त्यांनी ऐकलेलं नाही. मला इतका आनंद झाला की तो लपवता आला नाही. "शाबास, नामफुंग!" म्हटलं, सगळ्यांना तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मग शंभराचा भारा सोडला, त्यातली एक जुडी सोडली, सावकाश, पुन्हा पहिल्यापासून.

"आता?" मी विचारलं.

"नाही कळलं, बाईऽ!"

सगळा वर्ग, एका सुरात, उजळलेल्या चेहऱ्यांनी. बायतोयचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

फक्त नामफुंग गप्प होती. मी जवळ जाऊन वाकले. "तुला गं?"

तिने इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मला आता कळलंय, बाई. पण सगळ्यांना नाही कळलं, तर एकटीने कसं सांगायचं?"

मी तिच्या हातात खडू दिला आणि म्हटलं, "मला सांग. मलाही नाही कळलं." तिने सांगितलं. १४५. मधे एकदा अडखळली, तिथे गोल्फने "अगं, भारा आधी!" म्हणून ओरडून स्वतःचीच चुगली केली, की त्याला मघाशीच कळलं होतं.

आत्ता आजोबांना फोन करून हे सगळं सांगितलं. म्हणाले, "दोनशे तीनमधून अठ्ठावन्न? छे बुवा. मला नाही जमायचं."

त्यांचं गणित दिवसेंदिवस उतरतच चाललं आहे. मावशी डॉक्टरकडे न्यायला तयार नाही, आणि फोनवर समजावून माझा घसा बसतो. नामफुंगच्या आईशी बोलले आहे. रविवारी घरी जाताना नामफुंगला बरोबर नेते. तीच त्यांना नीट समजावेल.